गर्दी... मेड टू ऑर्डर!

लग्नकार्यात भेटणाऱ्या काकवांचं एक बरं असतं. 'काय करतेस गं सध्या?' या प्रश्नाला 'आयटीत आहे' एवढं उत्तर दिलं की त्यांचं समाधान होतं आणि गाडी थेट 'मग लग्नाचं काय?' या स्टेशनवर जाते. पण आमच्या आजीचं तेवढ्यावर भागत नाही. मागच्या दिवाळीत वाती वळता वळता तिने मला पकडलंच.

'आयटीत म्हणजे नेमकं काय गं? बँकेतला माणूस पैसे मोजतो, तुझा बाप पोरांना शिकवतो. तू काय करतेस?'

'मी गर्दी करते,' मी म्हटलं.

आजीने चष्म्यावरून बघितलं. मग मी तिला सांगितलं, की एखादी वेबसाइट सुरू व्हायच्या आधी मी तिच्यावर खोटी माणसं सोडते. शंभर, पाचशे, दहा हजार. ती माणसं लॉगिन करतात, फॉर्म भरतात, बटणं दाबतात. आणि मी बघत बसते, की साइट उभी राहते की आडवी होते.

आजीने हातातली वात पूर्ण केली, ताटलीत ठेवली आणि म्हणाली, 'म्हणजे खरं वऱ्हाड यायच्या आधी खोटं वऱ्हाड जेवायला बसवून आचारी पारखायचा.'

लोड टेस्टिंगची याहून सोपी व्याख्या मी एकाही पीपीटीत वाचलेली नाही, बॉस! आणि खरं सांगू? आजीचा हा फंडा मला आधी क्लिअर असता, तर २०२३ च्या मे महिन्यातला तो एक शुक्रवार माझ्या आयुष्यात आलाच नसता.

सांगते. पण आधी थोडं वऱ्हाडाबद्दल.

ऑफिसात 'साइट स्लो आहे' हे वाक्य आपण दिवसातून चार वेळा बोलतो. पण स्लो म्हणजे काय? लग्नाच्या हॉलचंच उदाहरण घ्या. सर्व्हर म्हणजे वाढपी (इंग्रजीतही शब्द तोच आहे, ही गंमत माझ्या लक्षात यायला नोकरीची दोन वर्षं जावी लागली). आता समजा, जेवणाच्या काउंटरवर मिनिटाला दहा माणसं येतायत आणि प्रत्येक जण तिथे सरासरी तीन मिनिटं थांबतोय. तर कुठल्याही क्षणी काउंटरपाशी किती माणसं असतील? तीस. दहा गुणिले तीन. संपलं! याला लिटल्स लॉ म्हणतात. जॉन लिटल यांनी तो १९६१ साली गणिताने सिद्ध केला आणि तेव्हापासून बँकेच्या खिडकीपासून वेबसाइटपर्यंत सगळीकडे तो चालतो. माणसं वाढली किंवा प्रत्येकाला लागणारा वेळ वाढला, की गर्दी वाढणारच. यात वाटाघाटी नाहीत.

यातली गोम अशी, की वेळ सरळ रेषेत वाढत नाही. एकच काउंटर आहे आणि लोक वेळीअवेळी कसेही येतायत, असं धरा. काउंटर निम्मा वेळ बिझी असेल, तर तुमचं काम व्हायला मुळात लागतो त्याच्या दुप्पट वेळ जातो. ऐंशी टक्के बिझी असेल तर पाचपट. नव्वद टक्क्यांना दहापट. पंचाण्णव टक्क्यांना वीसपट! म्हणजे नव्वदवरून पंचाण्णववर जाताना मॅनेजरला वाटतं, 'पाचच टक्के तर वाढले', आणि इकडे लोकांचा वेळ डबल झालेला असतो. हिंजवडीच्या रस्त्यावर सकाळी आठला निघणारा आणि साडेनऊला निघणारा यांच्यात फरक काय, हे तिथे नोकरी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. रस्ता तोच असतो. गाड्या काही दहापट झालेल्या नसतात. पण...

तर माझा शुक्रवार.

एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेश परीक्षेची फॉर्म भरायची साइट आमच्या कंपनीने केली होती. नावं दोन्हीकडची जाऊ द्या. मी परफॉर्मन्स टेस्टर. एका महिन्याच्या कामाला मला आठ दिवस मिळाले होते, आणि यात काही विशेष नाही, आमच्या धंद्यात टेस्टिंग हे नेहमी उरलेल्या वेळात करतात. मी जेमीटर उघडलं. १९९८ पासून चालत आलेलं फुकटचं टूल आहे हे, दिसायला जुनाट पण कामाला दणकट. तीनशे खोटी माणसं बनवली. लॉगिन, माहिती, फोटो अपलोड, फी, सबमिट. एक तास चालवलं. हिरव्या रंगाचे सुंदर आलेख आले. पीपीटीत एक मोठा आकडा टाकला: सरासरी रिस्पॉन्स टाइम १.२ सेकंद. क्लायंट खूश, बॉस खूश. खाली 'पास' लिहिलं आणि माझं नाव. कँटीनमध्ये कॉफी आणि पफ माझ्याकडून!

फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाच. चार वाजून बेचाळीस मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. बार्शीहून मावशीचा धाकटा, आमचा छोटू.

'ताई, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? फॉर्म सबमिटच होत नाहीये. गोल गोल फिरतंय नुसतं.'

'कुठला फॉर्म?'

त्याने नाव सांगितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

छोटूने त्या परीक्षेचा फॉर्म भरलाय, हेच मला माहीत नव्हतं. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तो दोन वाजल्यापासून बसला होता. दुकानदार फॉर्म भरून द्यायचे तीस रुपये घेत होता आणि त्याच्यामागे अकरा पोरंपोरी लाइनीत उभी होती. 'फीचे पैसे कट झाले ताई. दोनदा कट झाले. पण पावती येत नाही. रिफ्रेश मारू का?'

'मारू नकोस,' मी म्हणाले. का, ते त्याला सांगायला तेव्हा वेळ नव्हता. तुम्हाला सांगते. फिरणारं चक्र बघून आपण काय करतो? पुन्हा दाबतो. मग आणखी एकदा. मित्राच्या मोबाइलवरूनही लावून बघतो. म्हणजे सर्व्हर दमला की त्याच्याकडचं काम कमी होत नाही, तिप्पट होतं! पहिली रिक्वेस्ट तिथे अजून रांगेत उभीच असते आणि तिच्या मागे तुमच्याच आणखी दोन जाऊन उभ्या राहतात. आचारी पोळ्या लाटेना म्हणून प्रत्येकाने तीन तीन ताटं घेऊन उभं राहावं, तसं.

मी धावत सर्व्हर टीमच्या डेस्कवर गेले. तिथलं दृश्य मला आयुष्यभर आठवेल. सहा जण एका स्क्रीनभोवती आणि स्क्रीनवर सर्व्हरचा सीपीयू... पंधरा टक्के! म्हणजे मशीन जवळजवळ झोपलेलं. मेमरी मोकळी. नेटवर्क मोकळं. स्वयंपाकघरात अन्न भरपूर, आचारी तंबाखू मळतायत आणि बाहेर हॉलमध्ये लोक उपाशी.

पाच वाजले. छोटूचा फॉर्म गेला नव्हता.

नेमकं काय झालं होतं ते कळायला रात्रीचे अकरा वाजले. फी भरायच्या वेळी आमची साइट बाहेरच्या पेमेंट गेटवेला निरोप पाठवायची आणि उत्तर येईपर्यंत डेटाबेसचं एक कनेक्शन हातात धरून बसायची. अशी कनेक्शन्स एकूण चाळीस. हॉलच्या भाषेत सांगायचं, तर ताटं चाळीस आहेत. पाहुणा जेवला, पण आइस्क्रीम बाहेरून यायचंय, आणि आइस्क्रीम आल्याशिवाय तो ताट खाली ठेवत नाही. आइस्क्रीमवाला झटपट असेल आणि माणूस ०.२ सेकंदात ताट सोडत असेल, तर चाळीस ताटांत सेकंदाला दोनशे माणसं जेवतात. पण शेवटच्या दिवशी गेटवेलाही गर्दी होती. तो सहा सेकंद घ्यायला लागला. चाळीस भागिले सहा. सेकंदाला सात माणसंसुद्धा नाहीत! येत होती पंचवीस. म्हणजे दर मिनिटाला हजारावर माणसं बाहेर साचत होती, आणि ज्याला फक्त आपला सीट नंबर बघायचा होता, त्यालाही ताट मिळत नव्हतं. लिटलसाहेबांचा तोच गुणाकार, फक्त उलटा वाचायचा.

मग हे माझ्या टेस्टमध्ये का दिसलं नाही?

कारण माझा आइस्क्रीमवाला खोटा होता. खऱ्या पेमेंट गेटवेवर परवानगीशिवाय हजारो खोट्या रिक्वेस्ट मारता येत नाहीत, मारूही नयेत, ती दुसऱ्याची यंत्रणा असते. म्हणून आम्ही त्याच्या जागी एक डमी बसवतो. माझा डमी विचारल्याबरोबर 'पैसे मिळाले' म्हणायचा. एका क्षणात. असा गेटवे जगात कुठे नसतो. आणि हे मला माहीत होतं. रिपोर्टच्या चौदाव्या पानावर 'गृहीतके' या मथळ्याखाली, बारीक टायपात, मी ते लिहिलंही होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्या शनिवार-रविवारी मी माझाच रिपोर्ट लाल पेन घेऊन वाचला (रूममेट सिनेमाला चल म्हणत होती, तिला नाही म्हटलं) आणि एकेक रत्न बाहेर आलं.

पहिलं म्हणजे तो १.२ सेकंदांचा रुबाबदार आकडा. सरासरी ही मोठी लबाड बाई आहे. समजा, शंभर जणांपैकी पंचाण्णव जणांना ०.४ सेकंदात उत्तर मिळालं आणि उरलेल्या पाच जणांना १६.४ सेकंद लागले. सरासरी काढा. बरोबर १.२! पंचाण्णव जणांना वाटतं साइट झकास आहे, पाच जण ती बंद पडली म्हणून शिव्या घालतायत आणि १.२ सेकंद प्रत्यक्षात कुणालाच लागलेले नाहीत. म्हणून शहाणे लोक सरासरी विचारत नाहीत, पर्सेंटाइल विचारतात. शंभरातला पंचाण्णवावा माणूस किती वेळ थांबला? नव्व्याण्णवावा किती? दहावी-बारावीनंतर पर्सेंटाइल या शब्दाने ज्यांचा छळ झालाय, त्यांना तो इथे पुन्हा भेटतो, सॉरी! आणि पाच टक्केच तर आहेत, असं म्हणू नका. आमच्या फॉर्मला आठ पानं होती. प्रत्येक पानाला शंभरात पाच वेळा अडकायची शक्यता असेल, तर आठही पानं न अडकता पार करणारे शंभरातले फक्त सहासष्ट. म्हणजे दर तिघांतला एक जण कुठे ना कुठे लटकणारच. माझ्याही टेस्टमध्ये असे लटकलेले होते. मी त्यांना 'आउटलायर' असं छान नाव देऊन सोडून दिलं होतं.

दुसरं, टेस्टसाठी वापरलेल्या डेटाबेसमध्ये पाच हजार उमेदवार होते आणि खऱ्यात लाखांवर. पाच हजार नावांत एक नाव कसंही शोधलं तरी पटकन सापडतं. शिवाय तीनशेच्या तीनशे खोटी माणसं मी एकाच लॉगिनने पाठवली होती. सर्व्हरने पहिल्याला दिलेलं उत्तर लक्षात ठेवलं आणि बाकीच्या दोनशे नव्व्याण्णवांना तेच पुन्हा दिलं. तीनशे वेळा एकाच माणसाने येऊन वरणभात मागितला तर आचारी हुशारच ठरणार की!

पण सगळ्यात मोठी चूक तिसरी होती आणि ती कळायला मला आजीच्या पिढीची पंगत आठवावी लागली. पंगतीत काय होतं? पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही. वाढपी मंद असतील तर पहिली पंगत उशिरा उठते, दुसरी उशिरा बसते, पण वाढप्यांच्या अंगावर एकदम काही कोसळत नाही. माझी खोटी माणसं अशी पंगतीतली होती. सज्जन, संस्कारी. उत्तर मिळाल्याशिवाय पुढची रिक्वेस्ट करायची नाहीत. त्यामुळे सर्व्हर जसजसा हळू होई, तसतशी माझी गर्दीही आपोआप विरळ होई. म्हणजे मी ज्याला धक्के मारतेय असं समजत होते, त्याला मी सांभाळून घेत होते! आणि खरं पब्लिक? ते बुफेचं पब्लिक. काउंटर अडलाय की नाही याच्याशी दारातून आत येणाऱ्याला देणंघेणं नसतं. तो येतच राहतो. अशी बुफेवाली गर्दी हवी असेल, तर टेस्टमध्ये 'माणसं तीनशे' असं सांगून चालत नाही, 'दर सेकंदाला पंचवीस नवीन' असं सांगावं लागतं. पंगतवाल्या टेस्टमध्ये सर्व्हर अडकतो तेव्हाच मोजणारासुद्धा थांबलेला असतो आणि सगळ्यात वाईट क्षण आकड्यांत येतच नाहीत. गिल टेने नावाच्या इंजिनीअरने याला 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' असं नाव दिलंय. मराठीत याला संगनमताने डोळेझाक म्हणता येईल. आरोपी आणि साक्षीदार मिळालेले!

माझं मन रमवायला मी त्या रात्री नेटवर मोठ्या मोठ्या लोकांचे पचके वाचत बसले. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याची साइट, हेल्थकेअर डॉट गव्ह, १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. पहिल्या दिवशी किती लोकांचा विमा पूर्ण झाला? सहा. सहा लाख नाही, सहा हजार नाही... सहा माणसं. आणि लाँचच्या काही दिवस आधी घेतलेल्या टेस्टमध्ये काही शे खोट्या युजर्सनीच ती बसली होती, हे नंतर वॉशिंग्टन पोस्टने छापलं. म्हणजे टेस्ट झाली होती. टेस्टने खरं सांगितलंही होतं. तरी तारीख हलली नाही.

उलटंही असतं. १० जुलै २०१९ ची वर्ल्डकप सेमी फायनल आठवते? आठवणारच, त्या दिवशी कुणाला काम होतं! धोनी खेळत होता तेव्हा हॉटस्टारवर एकाच वेळी दोन कोटी त्रेपन्न लाख लोक होते, आणि साइट उभी होती. या मंडळींनी आधीच स्वतःवर खोट्या गर्दीच्या लाटा सोडून बघितल्या होत्या. पण मला भावलं ते वेगळंच. धोनी रनआऊट झाला आणि लोक कंटाळून बाहेर पडायला लागले. तुम्ही म्हणाल, बरं झालं, गर्दी कमी! तर नाही. लोक मॅच बंद करताना काय करतात? बॅकचं बटण दाबतात. बॅक दाबलं की होमपेज उघडतं. म्हणजे मॅचवरची अख्खी गर्दी एका झटक्यात होमपेजवर. सिनेमा सुटल्यावर जिन्यावर होते तशी. जाणाऱ्या गर्दीचीसुद्धा तयारी करावी लागते, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं.

प्रत्येक गर्दीचा असा आपापला स्वभाव असतो. तत्काळ तिकिटाची गर्दी बुकिंग उघडण्याच्या ठोक्याला येते, आधी नाही, नंतर नाही. २८ एप्रिल २०२१ ला अठरा वर्षांवरच्यांसाठी कोविनवर लसीची नोंदणी उघडली, दुपारी चार वाजता, आणि ओटीपीची वाट बघत आपण सगळेच बसलो होतो. पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त नोंदण्या. ही भिंतीसारखी अंगावर येणारी गर्दी, तिची टेस्ट वेगळी. ऑफिसच्या सॉफ्टवेअरवरची गर्दी संथ, दिवसभर चालणारी, तिची टेस्ट आठ-आठ तास चालवून बघावी लागते, कारण काही सॉफ्टवेअर मेमरी घेतात आणि परत करायला विसरतात, आणि ते तासाभरात लक्षात येत नाही. हॉस्टेलमध्ये मित्राने नेलेल्या शंभर शंभर रुपयांसारखं. फॉर्मच्या शेवटच्या दिवसाची गर्दी तिसऱ्याच जातीची. ती दुपारपासून चढत जाते आणि घाबरलेली असते. घाबरलेलं पब्लिक रिफ्रेश जास्त मारतं. माझी तीनशे माणसं घाबरलेली नव्हती.

सोमवारी मीटिंग. अशा मीटिंगला आमच्याकडे आरसीए म्हणतात, म्हणजे मूळ कारण शोधायची बैठक. प्रत्यक्षात तिथे मूळ माणूस शोधतात. संस्थेने शुक्रवारी रात्री नऊला मुदत दोन दिवसांनी वाढवल्याचा एसएमएस पाठवला होता, शनिवारी आमच्या लोकांनी कोड बदलून गेटवेची वाट बघताना कनेक्शन सोडून द्यायची सोय केली होती आणि रविवारी साइट लोण्यासारखी चालली होती. छोटूचा फॉर्म शनिवारीच गेला. जादा कट झालेले पैसे दहा दिवसांनी परत आले. सगळं गोड, म्हणायला हरकत नाही.

बॉस म्हणाला, 'टाइमआऊट गेटवेचे आहेत. लॉगमध्ये क्लिअर दिसतंय. आपण ते गेटवेवर टाकून मोकळे होऊ.'

आणि यात खोटं काहीच नव्हतं! गेटवे स्लो होताच. मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. चौदावं पान कुणी वाचलेलं नव्हतं, वाचणारही नव्हतं. अप्रेझल महिन्यावर. त्या वर्षी मला ऑनसाइट मिळायची बोलणी चालू होती, तेही सांगून टाकते.

पण माझ्यासमोर एक एक्सेल शीट होती. शुक्रवारी दुपारनंतर ज्यांनी फी भरायचं बटण दाबलं आणि अडकले, त्यांतले बहुतेक शनिवार-रविवारी परत आले होते. चारशे बारा जण परत आले नव्हते. त्यांना एसएमएस गेला होता. पण फॉर्मवर मोबाइल नंबर कुणाचा असतो? घरात एकच फोन असेल तर तो वडिलांच्या खिशात. कधी कधी झेरॉक्सवाला स्वतःचाच नंबर टाकतो. छोटूच्या मागे उभ्या असलेल्या अकरा जणांपैकी दोन मुली साडेपाचची एसटी पकडून गावी गेल्या, असं तो सहज बोलून गेला होता. त्या परत आल्या का, त्याला माहीत नव्हतं. मलाही माहीत नाही. लॉगमध्ये वेळ असते, आयपी ॲड्रेस असतो, एरर कोड असतो. पुढे काय झालं ते नसतं.

'सर, गेटवे सहा सेकंद घेत होता हे बरोबर आहे,' मी म्हणाले. 'पण गेटवे स्लो झाला तर आपली साइट बंद पडेल का, हे शोधणं माझं काम होतं. मी डमी लावला, तो कधीच स्लो होत नव्हता. आणि मी खाली पास लिहिलं.'

एसीचा आवाज ऐकू येण्याइतकी शांतता. मग बॉसने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, 'मेल टाक मला.' मी टाकली. त्याने ती क्लायंटला जशीच्या तशी पाठवली की नाही, मला आजतागायत माहीत नाही. ऑनसाइट मिळालं नाही. अप्रेझलमध्ये 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. दोन आठवडे तो माझ्याशी कामापुरतं बोलला. नोकरी गेली नाही, हेही खरं.

पुढच्या वर्षी तोच क्लायंट, तीच साइट. या वेळी मी वेळ भांडून घेतला, तीन आठवडे. बॉसनेच क्लायंटकडून तो काढून दिला, काही न बोलता. मागच्या वर्षीचा खरा लॉग घेतला आणि त्यातून गर्दीचा चढ मोजला: दुपारी दोनला किती, चारला किती, पावणेपाचला किती. लाखांवर खोटे उमेदवार बनवले, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, फोटोही लहानमोठे. माणसं बुफेवाली, म्हणजे दर सेकंदाला नवीन येणारी. त्यातल्या काहींना मी मुद्दाम अधीर केलं: पाच सेकंदांत उत्तर नाही आलं तर रिफ्रेश. आणि डमी गेटवेला आळशी केलं. आधी दोन सेकंद, मग सहा, मग दहा, मग काही उत्तरच नाही. एका रविवारी रात्री सगळं चालू करून आम्ही पिझ्झा मागवला आणि साइट पडायची वाट बघत बसलो.

पडली! सेकंदाला ९० माणसांना. काय आनंद झाला सांगू! आपलं काम पाडणं आहे, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नव्हतं. पडली तीही बेताने: फी भरणारे रांगेत थांबले, पण सीट नंबर बघणारे चालूच होते. क्लायंटच्या साहेबांनी विचारलं, 'म्हणजे मॅडम, किती लोक चालतील? एक आकडा सांगा.' मी सांगितलं, सेकंदाला साठपर्यंत शंभरातल्या नव्व्याण्णवांना तीन सेकंदांच्या आत उत्तर मिळेल, गेटवे सहा सेकंदांपेक्षा हळू नसेल तर. त्यापुढे 'आपण रांगेत आहात' हे पान दाखवू. ते म्हणाले, 'हा एक आकडा नाहीये.' मी म्हटलं, 'नाहीये, सर.' गृहीतकं या वेळी पहिल्या पानावर होती, मोठ्या टायपात.

२०२४ चा मे. शेवटचा दिवस. मी दुपारपासून आलेखासमोर. चारला चढ सुरू झाला, अगदी आपण काढला होता तसा. सेकंदाला वीस, तीस, एकेचाळीस. गेटवे चार सेकंदांवर गेला. नव्व्याण्णवावा माणूस अडीच सेकंदांत. मी नखं खात होते, आणि ती मी नववीत सोडली होती.

चार वाजून अडतीस मिनिटांनी मोबाइल वाजला. बार्शी.

माझा हात थरथरला, खोटं कशाला सांगू. छोटू तर तोवर पुण्यात इंजिनीअरिंगला होता. मग आता कोण अडकलं? शेजारचं पोरगं? दुकानदार?

'काय झालं मावशी?'

'काय व्हायचंय? अगं, कैरीचं लोणचं घातलंय, छोटूबरोबर पाठवते. तुझ्याकडे बरणी आहे का, की मी देऊ?'

'दे,' मी म्हटलं आणि आलेखाकडे बघत राहिले. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. 'मावशी, पंचवीस मिनिटांनी करू का फोन?'